सह्याद्रीतल्या ओल्या वाटांसाठी गिअरबॉक्स निवडताना

भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांतल्या डोंगरवस्त्यांवर जे बारमाही आणि हंगामी झरे आहेत, त्यांच्या पाण्याची नोंद ठेवण्याचे काम आमचा एक छोटा गट करतो. डांबरी रस्ता संपतो तिथून पुढे मुरमाची गाडीवाट, मग ओढा, मग कातळ आणि शेवटी भातखाचरांच्या बांधालगतची तांबड्या मातीची चढण, असा हा प्रवास भर पावसाळ्यातही करावाच लागतो, कारण झऱ्याच्या वागणुकीचा अंदाज यायचा तर पाऊस सुरू असताना आणि तो ओसरल्यानंतर लगेचच्या आठवड्यांत मापे घ्यावी लागतात. इतकी वर्षे हे काम आमच्या जुन्या मारुती जिप्सीने केले. जिप्सी भारतात 1985 साली आली. सामान्य ग्राहकांसाठी तिचे उत्पादन थांबल्यावर सुटे भाग मिळेनासे होऊ लागले आणि नवी गाडी घेणे भाग पडले. गाडी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारी हवी, तिला लो रेंज, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणारी गिअरची जादा पायरी हवी, याविषयी गटात दुमत नव्हते. मतभेद होता तो गिअरबॉक्सबद्दल, आणि तो बरेच दिवस मिटला नाही. मॅन्युअल की ऑटोमॅटिक, या प्रश्नावर जे सल्ले मिळत होते ते बहुतेक वाळवंटातल्या सफरींच्या किंवा स्पर्धांच्या अनुभवातून आलेले होते. घाटमाथ्यावरच्या निसरड्या, अरुंद आणि माणसांच्या रोजच्या वापरातल्या वाटांना ते लागू पडतात की नाही, हे आम्हाला स्वतःच तपासावे लागले.

तपासायचे म्हणजे कशावरून तपासायचे, हे आम्ही आधी ठरवले. चाक जागच्या जागी जितके कमी फिरेल तितका गिअरबॉक्स आपल्या कामाचा, अशी कसोटी आम्ही लावली. ज्या वाटेने आमची गाडी जाते त्याच वाटेने वस्तीवरची मुले शाळेत जातात, गुरे चरायला जातात आणि आजारी माणसाला खाली आणले जाते. भिजलेल्या मातीवर टायर नुसते फिरले की वरचा घट्ट थर सोलून निघतो, चाकोरी खोल होते, त्या चाकोरीत पावसाचे पाणी धावू लागते आणि गणपतीपर्यंत तिथे ओघळ तयार झालेली असते. माती आणि पाणी वाचवण्याचे काम करणाऱ्यांच्या गाडीने हे करणे मला कधीच मान्य होणार नाही. चाक फुकट फिरते ते मुख्यतः दोन क्षणी: एक, इंजिन बंद पडेल या भीतीने चालक जरुरीपेक्षा जास्त रेस देतो तेव्हा, आणि दोन, चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवायची असते तेव्हा. या दोन्ही क्षणी चालकाच्या पायांचे काय चालले आहे, हे गिअरबॉक्सवरच अवलंबून असते.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स अनेक प्रकारचे असतात आणि त्यांतले बहुतेक या कामाला उपयोगाचे नाहीत, हे अभ्यासाला लागल्यावर लवकरच स्पष्ट झाले. स्वस्त गाड्यांत येणाऱ्या एएमटीमध्ये आतला क्लच मॅन्युअलसारखाच असतो, फक्त तो दाबण्या-सोडण्याचे काम यंत्रणा करते. खड्या चढावर माणसाच्या चालीने जायचे म्हटले की ती यंत्रणा क्लच अर्धवट सोडून ठेवते आणि क्लच तापतो. दोन क्लचच्या डीसीटीची अडचणही रांगत्या वेगात जवळपास तीच आहे. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला गिअरबॉक्स असलेल्या ज्या गाड्या आमच्या आवाक्यात होत्या त्यांना लो रेंज नव्हती. उरला तो टॉर्क कन्व्हर्टर असलेला गिअरबॉक्स, आणि खरी तुलना मॅन्युअलची त्याच्याशीच होती.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये घर्षणाची चकती नसते, तेल असते. इंजिनाच्या बाजूचे पाते ते तेल फेकते, गिअरबॉक्सच्या बाजूचे पाते त्या माऱ्याने फिरते आणि मधले तिसरे, एकाच दिशेने फिरू शकणारे पाते परतणाऱ्या तेलाला अशी दिशा देते की त्यातून जास्तीचा जोर मिळतो. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने ही कल्पना 1905 मध्ये जहाजांसाठी मांडली होती. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे असे की गाडी जागेवर अडलेली असताना, म्हणजे नेमकी जोराची गरज सर्वांत जास्त असताना, कन्व्हर्टर इंजिनाचा जोर साधारण दुप्पट करून पुढे देतो, आणि दोन्ही बाजूंचा वेग सारखा होत गेला की ही वाढ नाहीशी होते. शिवाय तेलच मध्ये असल्यामुळे चाके थांबली तरी इंजिन बंद पडत नाही.

याचा अर्थ आकड्यांत काय होतो, हे मारुती जिम्नीच्या उदाहरणावरून मला सर्वांत चांगले समजले, कारण 2023 साली भारतात आलेली ही गाडी एकाच इंजिनावर दोन्ही गिअरबॉक्समध्ये मिळते. मॅन्युअलमधल्या पहिल्या गिअरचे प्रमाण सुमारे 4.4, लो रेंजचे 2 आणि चाकांच्या आसावरच्या गिअरचे 4.1, तिन्हींचा गुणाकार केला की इंजिनाचा जोर चाकापर्यंत सुमारे 36 पट होऊन पोचतो. 4 गतींच्या ऑटोमॅटिकमध्ये पहिला गिअर सुमारे 2.9, लो रेंज तीच आणि आस 4.3, गुणाकार येतो 25 च्या आसपास. एवढेच पाहिले तर मॅन्युअल सरळ पुढे आहे. पण चढावर अडलेल्या ऑटोमॅटिकमध्ये कन्व्हर्टरची दुप्पट त्यात मिळवली की तोच आकडा 50 च्या जवळ जातो. उतारावर मात्र चाके इंजिनाला ओढत असतात, तेव्हा कन्व्हर्टर काहीही दुप्पट करत नाही. तिथे 25 म्हणजे 25 च. चढाला ऑटोमॅटिक वरचढ आणि उताराला मॅन्युअल वरचढ, हे पुढे वाटेवर जे अनुभवाला आले त्याचे कारण या साध्या गुणाकारात आहे, आणि गाडी घेण्याआधी प्रत्येकाने तो आपल्या मनातल्या गाडीसाठी कागदावर करून पाहावा असे मी आग्रहाने सांगेन.

उत्पादकांचा कलही आकड्यांत दिसतो. टोयोटा फॉर्च्युनरच्या 2.8 लिटर डिझेल इंजिनाला मॅन्युअलबरोबर 420 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, दिलेला आहे आणि ऑटोमॅटिकबरोबर 500. महिंद्रा थारच्या पेट्रोल इंजिनातही 300 आणि 320 असा फरक आहे. फॉर्च्युनर आमच्या बजेटच्या फार बाहेर होती, पण मॅन्युअल म्हणजे ताकदीची गाडी आणि ऑटोमॅटिक म्हणजे शहरातली सोय, हा जो समज आमच्याही गटात होता, तो या आकड्यांपुढे टिकला नाही.

आमच्या यादीत शेवटी तीन गाड्या राहिल्या: गुरखा, जिम्नी आणि थार. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा फक्त मॅन्युअलमध्ये येते, आणि तिच्या पुढच्या व मागच्या अशा दोन्ही आसांना चालकाच्या हातात असलेले डिफरन्शियल लॉक, म्हणजे आसाची दोन्ही चाके एकत्रच फिरायला लावणारी कुलपे, आहेत. एक चाक हवेत लटकत असताना अशी गाडी जे करू शकते ते गिअरबॉक्स कोणताही असला तरी दुसऱ्या दोघींना जमणारे नाही, म्हणून ती शेवटपर्यंत यादीत होती. जिम्नी हलकी आहे, साधारण 1200 किलोची, आणि चिखलात हलकेपणासारखा गुण नाही. पण 134 न्यूटन-मीटरच्या पेट्रोल इंजिनाला चढावर आवर्तने चढवावी लागतात, आणि आमच्या कसोटीला तेच नको होते. डिझेल थारमध्ये 300 न्यूटन-मीटर टॉर्क मिनिटाला 1600 आवर्तनांपासून मिळतो, लो रेंज 2.48 ची आहे आणि 6 गतींचे मॅन्युअल आणि जपानी आयसिन बनावटीचे 6 गतींचे ऑटोमॅटिक असे दोन्ही पर्याय आहेत. पाच दरवाजांची थार रॉक्सही पाहिली, पण तिच्या दोन आसांमधले अंतर 2850 मिलिमीटर आहे आणि तीन दरवाजांच्या थारचे 2450; बांध ओलांडताना गाडीचे पोट टेकते की नाही हे या अंतरावर ठरत असल्याने आम्ही लहान गाडीच पुढच्या तपासणीला घेतली.

एका परिचितांकडे मॅन्युअल डिझेल थार होती आणि एका सहकाऱ्याच्या भावाकडे ऑटोमॅटिक. दोघांनीही मोठ्या मनाने गाड्या दिल्या आणि स्वतः बरोबर आले. जूनच्या अखेरीस, पाऊस लागून माती पुरती भिजल्यावर, आम्ही दोन्ही गाड्या आमच्या नेहमीच्या एका वाटेवर नेल्या. ही वाट खासगी जमिनीतून आणि गावाच्या परवानगीने वापरायची आहे, वनखात्याच्या हद्दीत ती कुठेही शिरत नाही. दोन्ही गाड्यांचे टायर सारख्याच प्रकारचे होते आणि वाट सुरू होताना चारही चाकांतली हवा 32 वरून 22 पीएसआयपर्यंत सारखीच उतरवली. हवा उतरवण्याचा परिणाम गिअरबॉक्सच्या निवडीपेक्षाही मोठा असतो, आणि ते न करता केलेली कोणतीही तुलना मी विश्वासार्ह मानणार नाही.

आधी मॅन्युअल गाडी नेली. लो रेंज, पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला आणि दोन्ही पाय पेडलांवरून काढून घेतलेले, अशा अवस्थेत डिझेल इंजिन आपल्या मंद गतीवरच गाडीला चालत्या माणसापेक्षाही सावकाश वर नेते. ज्याने हे एकदा अनुभवले आहे त्याला मॅन्युअलची ओढ का वाटते, हे सांगावे लागत नाही. चाक दगडावर चढताना इंजिनाचा आवाज किंचित जड होतो, चढून झाले की हलका होतो, आणि चाकाखाली काय आहे ते सगळे कानाला आणि हाताला कळत राहते. मुरमाच्या टप्प्यावर आणि कातळावर या गाडीने एकदाही चाक फिरवले नाही. अडचण आली ती ओढ्यानंतरच्या वळणावर. तिथे वाट डावीकडे वळते आणि त्याच ठिकाणी खडा, शेवाळलेला दगड बाहेर आलेला आहे, त्यामुळे वळता वळता थांबून, पुढे उभ्या असलेल्या माणसाचा इशारा पाहून, पुन्हा निघावे लागते. चढावर थांबलेली मॅन्युअल गाडी हलवायची म्हणजे हिल होल्डने ब्रेक धरून ठेवलेल्या दोन-तीन सेकंदांत क्लच नेमक्या बिंदूवर आणायचा आणि तेवढ्यातच रेस द्यायची. गाडीच्या मालकांचा हात या कामात बसलेला आहे; तरीही तिथे पुढची चाके फिरलीच, आणि दुसऱ्या प्रयत्नात क्लचचा वास आला. हे कौशल्याचे उणेपण नव्हते. ओल्या दगडावर चाकाला किती जोर सोसवेल याची मर्यादा फार खाली असते, आणि क्लच पकडतो तो क्षण कितीही हळुवार केला तरी त्यात एक झटका राहतोच.

जिप्सीत या प्रसंगी आम्ही एक जुनी युक्ती वापरत असू. इंजिन बंद करायचे, लो रेंजमध्ये पहिला गिअर टाकायचा, क्लच न दाबता किल्ली फिरवायची. स्टार्टर मोटरच गाडीला पहिला रेटा देते आणि इंजिन चालू होताच गाडी न घसरता, न झटका देता पुढे निघते. नव्या बहुतेक गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरतच नाही, त्यामुळे मॅन्युअलच्या बाजूने असलेला हा एक मोठा मुद्दा आता गेला आहे. जुन्या जीप आणि जिप्सी चालवलेले लोक मॅन्युअलची बाजू घेतात तेव्हा त्यांच्या मनात अनेकदा ही सोय असते, म्हणून ती इथे नोंदवली.

ऑटोमॅटिक गाडी त्याच दगडाशी आली तेव्हा मी चालवत होते. न्यूट्रलमध्ये थांबून लो रेंज टाकलेली होती आणि गिअर हाताने पहिल्यावर धरून ठेवला होता. दगडाशी चाक टेकल्यावर गाडी थांबली, इंजिन मात्र शांतपणे चालू राहिले. डाव्या पायाने ब्रेक हलका धरून उजव्या पायाने थोडी रेस दिली, कन्व्हर्टरमध्ये जोर साठत गेला तसा गाडीचा पुढचा भाग किंचित उचलल्यासारखा झाला, आणि मग ब्रेक अगदी सावकाश सोडत गेल्यावर चाक दगडावर चढले, वर आले आणि पलीकडे उतरले. उतरतानाही ब्रेक तिथेच होता, त्यामुळे गाडी धपकन आदळली नाही. काही गाड्यांत दोन्ही पेडल एकदम दाबली की संगणक रेस कापून टाकतो, म्हणून ही पद्धत ज्या गाडीत वापरायची तिच्यात आधी सपाटीवर करून पाहावी. त्या वळणावर वस्तीवरचे एक आजोबा छत्री घेऊन आमचा सगळा खटाटोप पाहत उभे होते. वाटेवर पडलेले दोन्ही गाड्यांचे ठसे त्यांनी काठीने दाखवले आणि म्हणाले, “ताई, ही गाडी वर आली तर वाट शाबूत राहती बघा.” आमच्या कसोटीचा निकाल त्यांनी आमच्याआधी दिला होता.

भातखाचरांलगतच्या मातीच्या चढावर फरक आणखी ठळक झाला. तिथे पहिल्या गिअरमध्ये जोर जास्त होतो आणि चाक सुटते, म्हणून चढ लागण्याआधी दुसरा गिअर घ्यावा लागतो. मॅन्युअलमध्ये गिअर बदलताना जो अर्धा क्षण चाकांना जोर मिळत नाही, तेवढ्यात चिखलातली गाडी जवळजवळ थांबते. ऑटोमॅटिकमध्ये जोर न तुटता गिअर बदलतो. मात्र ऑटोमॅटिकला तिच्या मनावर सोडले तर ती नको तेव्हा वरचा किंवा खालचा गिअर घेते, म्हणून गिअर हाताने धरून ठेवणे भागच आहे. ही गोष्ट मी चढावर आणि उतारावर, दोन्हीकडे आवश्यक मानते.

आता उताराविषयी, कारण माणसे दुखावतात ती बहुधा उतारावर. परतीच्या वाटेवर वस्तीखालचा मुरमाचा लांब उतार आहे आणि त्याच्या एका अंगाला खोल घळ आहे. मॅन्युअल गाडी लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकला पाय न लावता, उताराच्या सुरुवातीपासून तळापर्यंत एकाच वेगाने उतरली. इंजिन आणि चाके यांचे नाते घट्ट असल्यामुळे चारही चाकांवर सारखा रोध येतो, चाक आवळले जात नाही आणि सुकाणूचा ताबा सुटत नाही. चालकाने पाळायचे पथ्य एवढेच की काहीही झाले तरी क्लच दाबायचा नाही. ऑटोमॅटिक त्याच उतारावर पहिल्या गिअरमध्ये धरून उतरवली तेव्हा सुरुवातीला ठीक चालली, पण उतार जिथे अधिक खडा होतो तिथे वेग हळूहळू वाढू लागला आणि ब्रेक लावावा लागला. सुट्या मुरमावर ब्रेक पेडल जोराने दाबले की चाके आवळतात आणि गाडी मुरमासकट घसरते; म्हणून पाय अतिशय हलका ठेवावा लागतो. हिल डिसेंट कंट्रोल सुरू केल्यावर यंत्रणेने एकेका चाकाचा ब्रेक वेगवेगळा, क्षणोक्षणी सोडत आणि धरत वेग रोखला. ते काम तिने चोख केले. तरीही हा रोध ब्रेकमधून येतो, इंजिनातून नाही, आणि लांब उतारावर ब्रेक तापतात, हे विसरून चालणार नाही. त्या उतारावर मॅन्युअलने मला जो भरवसा दिला तो ऑटोमॅटिकने दिला नाही, असेच मी तेव्हा वहीत लिहिले आणि आजही माझे मत बदललेले नाही.

चढावर गाडी पुढे जाईनाशी झाली तर काय करायचे, याचाही सराव दोन्ही गाड्यांत केला. मॅन्युअल बंद पडली तर पायाचा ब्रेक घट्ट धरायचा, हँडब्रेक ओढायचा, क्लच दाबून लो रेंजमध्येच रिव्हर्स टाकायचा, इंजिन चालू करायचे आणि क्लच पूर्ण सोडून इंजिनाच्या रोधावर सरळ रेषेत मागे उतरायचे. इंजिन बंद असताना ब्रेकची मदतनीस यंत्रणा एक-दोन दाबांपुरतीच साथ देते आणि सुकाणूही जड होते, म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा दाबायचा नाही. एवढ्या पायऱ्या घळीच्या काठावर, पावसात, घाबरलेल्या माणसाकडून क्रमाने होणे किती कठीण आहे ते चालवून पाहिल्याशिवाय कळत नाही. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन चालूच असते. ब्रेक धरायचा, रिव्हर्स टाकायचा आणि ब्रेक सावकाश सोडत मागे यायचे. तिथेही न्यूट्रलमध्ये किंवा पुढे जाण्याच्या ‘डी’ गिअरमध्येच गाडी मागे घरंगळू देणे धोक्याचे, हे प्रत्येकाच्या अंगवळणी पडेपर्यंत आम्ही करून घेतले.

पाणी आणि चिखल यांबाबत दोन्ही बाजूंना आपापली दुखणी आहेत. ओढ्यातून जाताना मॅन्युअलचा क्लच दाबला तर गाळाचे पाणी चकत्यांमध्ये शिरते आणि क्लच घसरू लागतो. ऑटोमॅटिकमध्ये, वाफ बाहेर जाण्यासाठी असलेल्या नळीचे तोंड पाण्याखाली गेले आणि तापलेला गिअरबॉक्स अचानक गार झाला तर पाणी आत ओढले जाते. अशा वेळी लाल तेल गुलाबी दुधासारखे दिसू लागते, आणि ते दिसले की गाडी पुढे एक किलोमीटरही चालवू नये. चिखलात रुतलेली गाडी पुढे-मागे झुलवून काढायची असेल तर मॅन्युअलमध्ये पहिला आणि रिव्हर्स झटपट घेता येतात. ऑटोमॅटिकमध्ये प्रत्येक वेळी चाके पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी लागते. बॅटरी उतरली तर मॅन्युअल गाडी उतारावरून धक्क्याने चालू होण्याची निदान आशा असते, ऑटोमॅटिकमध्ये तीही नसते, म्हणून बॅटरीला बाहेरून जोर देणारा संच आम्ही गाडीत कायम ठेवतो. वाळूचा अनुभव आम्ही घेतला नाही. कोकणातल्या किनाऱ्यावर गाडी उतरवणे मला मुळातच अयोग्य वाटते. तिथे कासवांची घरटी असतात.

जिप्सीची देखभाल करणाऱ्या आमच्या मिस्त्रींशी मग सविस्तर बोलणे झाले. त्यांनी स्पष्ट सांगितले, “ताई, क्लच प्लेट मी हितं झाडाखाली बसवून देईन, पण ऑटोमॅटिकचा डबा उघडायची पाळी आली तर गाडी पुण्यालाच न्यावी लागंल.” दुर्गम भागात काम करणाऱ्यांनी हा मुद्दा हलका मानू नये. मात्र आमच्या खर्चाची जुनी वही काढून पाहिल्यावर असे दिसले की जिप्सीच्या दुरुस्तीत वारंवार आलेली बाब क्लचचीच होती, आणि ऑटोमॅटिकच्या गिअरबॉक्सला जो मुख्य धोका असतो तो तेल तापण्याचा. हाय रेंजमध्ये राहून चढावर रेटत राहिले की कन्व्हर्टर घसरत राहतो आणि तेल तापते. लो रेंज वेळेवर टाकली की तेच काम कमी घसरणीत होते. म्हणजे हा धोका बऱ्याच अंशी चालकाच्या हातात आहे. तापल्याची सूचना आलीच तर इंजिन बंद न करता, गाडी पार्कमध्ये ठेवून ते मंद गतीवर चालू ठेवायचे, म्हणजे तेल फिरत राहून निवते.

निर्णयाचे पारडे अखेर झुकले ते गाडी कोण चालवणार यावरून. जिप्सी आम्ही दोघी-तिघेच चालवत होतो. आता गटात जी तरुण मुले-मुली आली आहेत ती हुशार आहेत, कष्टाळू आहेत, पण त्यांनी गाडी शहरात शिकली आहे आणि काहींनी तर ऑटोमॅटिकवरच. ओल्या चढावर क्लच हाताळायला शिकायचे तर वर्ष-दोन वर्षे लागतात, आणि त्या काळातला प्रत्येक फसलेला प्रयत्न त्या वाटेवर उमटतो. माझ्या डाव्या गुडघ्याचाही विचार मी उघडपणे मांडला, कारण दिवसभर क्लच दाबून संध्याकाळी थकलेल्या पायाने उतार उतरणे सुरक्षित नाही आणि हे वय सगळ्यांवर येणार आहे. गटातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विरोधी मत शेवटपर्यंत कायम ठेवले. उतारावर भरवसा ज्या गाडीचा, ती गाडी घ्यावी, चढावर फार तर पायी जाता येते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात तथ्य होते आणि म्हणून बैठकीच्या नोंदीत ते शब्दशः लिहिले आहे. दोन्हींच्या किमतीत सुमारे दीड लाखाचा फरक होता. तो देऊन आम्ही डिझेल ऑटोमॅटिक थार घेतली.

त्यानंतरचा पावसाळा या गाडीने काढला. शेवाळलेल्या दगडाच्या वळणावर आता कोणीही चालवत असले तरी चाक फिरत नाही, आणि खाचरांलगतच्या चढावर पूर्वी दरवर्षी श्रावणात दगड टाकून चाकोऱ्या भरून घ्याव्या लागत, ते काम यंदा बरेच कमी झाले. उतारासाठी मात्र नियम करावे लागले. नव्या चालकाने उन्हाळ्यात, कोरड्या मुरमावर, लो रेंजचा पहिला गिअर हाताने धरून आणि हिल डिसेंट कंट्रोल बंद ठेवून उतरण्याचा सराव आधी करायचा. पावसाळ्यात ते नेहमी चालू ठेवायचे. आणि उताराच्या तोंडाशी गाडी पूर्ण थांबवून, गिअर आणि लो रेंज दोन्ही तपासून मगच पुढे घालायची. गिअरबॉक्सचे तेल आम्ही खडतर वापराच्या वेळापत्रकाने बदलतो आणि पावसाळ्याआधी हवेच्या नळ्यांची तोंडे उंचावर बांधलेली आहेत ना, हे मिस्त्रींकडून पाहून घेतो.

निरा देवघर धरणाच्या बाजूला आमच्या कामातली एक वस्ती अशी आहे की तिथला उतार लांब आहे, सलग आहे आणि त्यावर मुरूम कायम सुटा असतो. तिथे ही गाडी आम्ही खाली नेत नाही. वरच्या सपाटीवर ठेवतो आणि उपकरणे पाठीवर घेऊन पायी उतरतो. त्या भागातले झरे वाढत्या संख्येने नोंदीत येत असल्यामुळे दुसऱ्या गाडीची गरज आता दिसू लागली आहे. निधी जमला तर ती दोन्ही आसांना लॉक असलेली मॅन्युअल गाडीच घ्यावी आणि ती ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे व त्यांनी तयार केलेल्या दोघांकडेच राहावी, असे गेल्या बैठकीत ठरले, आणि माझे मत त्याच बाजूने पडले.